कॅसेट नंबर तीन

“हलले नाही हं मी बाबा, अज्जिबात नाही,” वृषाली टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली. ओठ न हलवता बोलायचा प्रयत्न चालला होता तिचा.

“आता हल की बाई. झाला फोटो,” मी म्हणालो आणि कॅसेट काढून डार्करूममध्ये शिरलो.

एकोणीसशे शहाण्णव सालातला नोव्हेंबर महिना. आमच्या तालुक्याच्या गावी ट्रस्टचं हॉस्पिटल होतं, तिथं मी एक्स-रे काढायचो. चौदा वर्षं झाली होती, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःच्या फोटोंचा मला माज होता. पेशंट हललाय, कडा पुसट आल्यात, फिल्म काळी पडलीय, असलं माझ्या खोलीत चालायचं नाही. मिरजेहून कुणी डॉक्टर आला आणि माझा फोटो उजेडाला धरून “वा” म्हणाला, की मला दोन दिवस जेवण गोड लागायचं.

वृषाली माझी एकुलती एक, नऊ वर्षांची. चार महिन्यांपासून तिच्या डाव्या गालात, जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर, एक गाठ आली होती. आधी सुपारीएवढी होती, दिवाळीपर्यंत लिंबाएवढी झाली. दाढ येत असेल म्हणून दातांच्या डॉक्टरांना दाखवलं, गालगुंड असेल म्हणून लेप लावून झाला, माझ्या बायकोच्या, शालनच्या माहेरच्यांनी दृष्टही काढली. शेवटी आमच्याच हॉस्पिटलातल्या सर्जनना, डॉक्टर हुपरीकरांना दाखवलं. त्यांनी तिला दात आवळायला लावले, बोटांनी गाल चाचपला आणि म्हणाले, “खरमाटे, चावायचा स्नायू असतो ना, त्यात आहे ही. मला आवडत नाहीये. जबड्याचा फोटो काढा, मग छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू.”

डॉक्टरला गाठ आवडत नाही म्हणजे काय, हे हॉस्पिटलात चौदा वर्षं काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. घरी मी ‘साधीच आहे’ म्हणालो. पण माझं ताट तसंच उरायला लागलं तेव्हा शालनला काय ते कळलं. ती एवढंच म्हणाली, “अहो, एक सांगू का? ती खाली वाकली की गाल जास्त फुगतो. अंगण झाडताना बघा तुम्ही. निळसर पण दिसतो.”

“तुझं आपलं काहीतरीच,” मी म्हणालो. डॉक्टरांना हे सांगावं असं मला वाटलंसुद्धा नाही.

तर डार्करूममध्ये फिल्म धुऊन मी ती ओलीच दिव्याच्या काचेवर लावली आणि माझ्या तोंडून शिवी गेली. गालाच्या जागी सात पांढरे ठिपके. साबुदाण्याएवढे, कुणी भिरकावल्यासारखे पडलेले.

कॅसेट म्हणजे फिल्म ठेवायची चपटी पेटी. तिच्या आत एक पांढरा पडदा असतो, आणि त्या पडद्यावर धुळीचा कण बसला की फोटोत नेमका तिथं पांढरा ठिपका उमटतो. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. पंधराच दिवसांपूर्वी एका फोटोवर असला एक ठिपका निघाला होता, तेव्हा हुपरीकरांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, “काय खरमाटे, तुमच्या खोलीत केर काढतात की नाही?” नर्सेससुद्धा हसल्या होत्या. ते मला फार झोंबलं होतं. आणि आता तर एकदम सात! तेही माझ्याच पोरीच्या फोटोवर!

मी तीन नंबरची कॅसेट उघडली, पडदा स्पिरिटनं स्वच्छ पुसला, वाळवला आणि वृषालीला परत टेबलावर घेतलं.

“मी हलले होते का?” ती रडवेली झाली.

“नाही गं राणी. कॅसेटवर घाण होती.”

या वेळी हाड छान उठून यावं म्हणून मशीनचा जोरही जरा वाढवला. नवा फोटो आला तो काय सांगू तुम्हाला! जबड्याची रेघ न् रेघ दिसत होती, आणि ठिपका एकही नाही. पडदा पुसला आणि ठिपके गेले, म्हणजे धूळच होती. सरळ हिशोब. पहिल्या फोटोचे मी कात्रीनं चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले, कुणाच्या नजरेला पडायला नकोत म्हणून.

हुपरीकरांनी नवा फोटो खिडकीकडे धरून बघितला. “हाड स्वच्छ आहे. आत शिरलेलं नाही काही. फर्स्ट क्लास फोटो खरमाटे! गुरुवारी सकाळी नऊला घेऊ तिला.”

पोरीच्या गालात काय वाढतंय ते माहीत नाही, आणि मला फोटोच्या कौतुकानं बरं वाटलं. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा वाटलं खरं.

गुरुवारी सकाळी साडेसातलाच मी माझ्या खोलीत जाऊन बसलो. वॉर्डमध्ये बसवेना. शालन वृषालीजवळ होती, पोरीला उपाशी ठेवलं होतं आणि ती पाणी मागत होती. मला ते बघवत नव्हतं. काहीतरी हाताला काम हवं म्हणून मी आठवड्याचे फोटो पाकिटात भरायला घेतले. माझी एक सवय होती. प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं कॅसेटचा नंबर टाकायचा, म्हणजे कधी दोष निघाला तर कुठल्या कॅसेटचा ते सापडतं. या सवयीचीही मला घमेंड होती.

सोमवारचं एक पाकीट हातात आलं. एका म्हाताऱ्याचा गुडघा, वेळ सव्वाअकरा, कॅसेट नंबर तीन. वृषालीचा पहिला फोटो त्याच दिवशी साडेअकराचा. मध्ये दुसरं कुणी नव्हतं.

मी गुडघा काचेवर लावला. एकही ठिपका नाही.

धूळ अशी पाव तासात बसत नाही, तीही बंद पेटीत. आणि बसली तरी सात कण गालाच्याच जागी कसे बसतील? मी सोमवार सकाळपासूनचे तीन नंबरचे सगळे फोटो पाकिटांतून बाहेर काढले. मनगट, घोटा, छाती. सगळे स्वच्छ.

मग मला दुसरंही आठवलं. दुसऱ्या फोटोला मी जोर वाढवला होता. जोर वाढवला की हाड उठतं, पण भोवतालचं मऊ मांस जळून काळं होतं आणि त्यातलं बारीकसारीक सगळं पुसलं जातं. म्हणजे पडदा पुसल्यामुळे ठिपके गेलेच नव्हते. मी त्यांना काळ्यात बुडवलं होतं. ते कॅसेटवर नव्हते, माझ्या पोरीच्या गालात होते.

शिकत असताना आमच्या सरांनी असला एक फोटो दाखवला होता. शिरेत रक्त साचून राहिलं की कधी कधी तिथं बारीक गोल खडा धरतो, असं त्यांनी सांगितलं होतं. शिरेत! मला शालनचं बोलणं आठवलं. वाकली की फुगतो, निळसर दिसतो. अहो, ती गाठ मांसाची नव्हतीच, रक्ताची होती, आणि तासाभरात हुपरीकर तिच्यात सुरी घालणार होते.

टोपलीत हात घातला तर टोपली रिकामी. मंगळवारीच केर गेला होता.

मी लगेच उठून पळालो असेन असं तुम्हाला वाटेल. नाही पळालो. बसून राहिलो. काय सांगायचं, कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत राहिलो. ‘सर, मी फोटो फाडला’ हे वाक्य काही केल्या जमेना. पावणेनऊला उठलो तेव्हा वृषालीला ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आणलं होतं. शालन तिच्या वेणीची रिबीन सोडत होती. मी तिच्या शेजारी उभा राहिलो.

“बाबा, भूल देतात तेव्हा स्वप्नं पडतात का?” वृषालीनं विचारलं.

“चांगली पडतात,” मी म्हणालो.

ती आत गेली. तिच्यामागून मीही आत गेलो, हॉस्पिटलचाच माणूस म्हणून मला कुणी अडवलं नाही. हुपरीकर नळाखाली कोपरापर्यंत हात धूत होते. शेजारी भूल देणारे डॉक्टर होते आणि लोबो सिस्टर ऑपरेशनचे कपडे मांडून ठेवत होती.

“सर, एक फोटो परत काढू का?”

“आता? का?” ते वळले. “त्या फोटोत काही खोट आहे का?”

बघा, त्यांनी सरळ विचारलं होतं. होय म्हणायचं होतं फक्त. लोबो सिस्टर माझ्याकडे बघत होती, आणि त्या दिवशी केराच्या टोमण्यावर तीच सगळ्यात मोठ्यानं हसली होती.

“नाही सर, फोटो चांगला आहे. म्हटलं आपली खात्री…”

“तुमच्या फोटोला खात्री कसली करायची?” हुपरीकर हसले. “बापाचं काळीज आहे, दुसरं काय. जा, शालनवहिनींना घेऊन चहा प्या. अर्ध्या तासाचं काम आहे.”

आणि मी बाहेर आलो. कुणी ढकललं नाही मला. माझ्या पायांनी आलो.

सव्वानऊला लोबो सिस्टर दार उघडून धावत गेली आणि रक्ताची बाटली घेऊन परत आली. पाच मिनिटांनी पुन्हा गेली. तिचे बूट लाल झाले होते. शालननं माझा दंड धरला. “अहो, काय झालं? अहो, बोला की!” मी दाराकडेच बघत राहिलो.

मग हुपरीकर स्वतः बाहेर आले. छातीपासून गुडघ्यापर्यंत रक्तानं माखलेले. त्यांचा चेहरा मी चौदा वर्षांत कधी तसा पाहिला नव्हता.

“खरमाटे, रक्त थांबत नाहीये. सुरीचं टोक लावलं आणि भसकन आलं. आत धमनी फुटलीय का काय, कळत नाही. मानेतली मोठी नळी बांधावी लागेल. सही द्या.”

“बांधली म्हणजे?” शालननं विचारलं.

त्यांनी तिच्याकडे न बघता मला सांगितलं, “मी हे एकदाच केलंय, आणि तो पेशंट राहिला नाही. पण दुसरा रस्ता दिसत नाही. फोटोतही काही नव्हतं, नाहीतर अंदाज आला असता.”

त्यांनी पेन पुढे केलं. मी ते घेतलं, कागद भिंतीला लावला आणि सही करायच्या जागी मला सही करता येईना. आणि मग माझ्या तोंडून निघालं, “सर, खडे होते.”

“काय?”

“पहिल्या फोटोत. सात खडे होते. मला वाटलं कॅसेटवर धूळ आहे. मी फोटो फाडला आणि दुसरा काढला.”

शालनचा हात माझ्या दंडावरून सुटला.

हुपरीकर एक पाऊल पुढे आले. मला वाटलं आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. पण ते खालच्या आवाजात विचारायला लागले. “गोल होते का कसे?”

“गोल सर.”

“कडा?”

“गुळगुळीत. त्यातल्या दोन खड्यांच्या आत कडं दिसत होतं, कांद्याच्या चकतीसारखं.”

“काढून दाखवा. लवकर.”

मी त्या सहीच्या कागदाच्या पाठीवर जबड्याची रेघ काढली आणि सात ठिपके दिले. एकाचीही जागा चुकली नाही माझी. ओला फोटो मी पुरता मिनिटभर बघितला होता, शिव्या देत.

“आणि खाली वाकली की गाल फुगतो तिचा,” शालन म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता. “निळा पडतो. मी सांगितलं होतं ह्यांना.”

हुपरीकरांनी डोळे मिटले आणि उघडले. “उसळत्या रक्तात खडा धरत नाही,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “रक्त साचून राहिलं तरच धरतो. म्हणजे धमनी नाही. शिरांचं जाळं आहे स्नायूत, मंद वाहणारं. नळी बांधायची नाही. आत ठासून भरायचं आणि दाबून धरायचं, थांबेपर्यंत.” ते वळले आणि पुन्हा माझ्याकडे फिरले. “माझ्याकडे माणूस नाही. सिस्टर रक्ताला, मी टाक्यांना. हात धुवा आणि चला आत. तुम्ही धरायचं.”

मी आत गेलो. माझी पोर टेबलावर होती, तोंडात नळी आणि रंग कागदासारखा. हुपरीकरांनी जखमेत पट्ट्यांवर पट्ट्या ठासल्या, माझा तळवा तिच्या गालावर ठेवला आणि वरून स्वतःचा हात दाबून किती जोर लावायचा ते दाखवलं. “एवढा. कमी नाही, जास्त नाही. मी सांगेपर्यंत हात उचलायचा नाही.”

पहिल्या दहा मिनिटांत माझ्या बोटांमधून रक्त येतच राहिलं, गरम गरम. मी मनातल्या मनात नवस बोललो, देवाला शिव्या दिल्या, पुन्हा हात जोडल्यासारखं केलं. भूल देणारे डॉक्टर नाडीचे आकडे सांगत होते आणि ते वाढतच चालले होते. माझं मनगट बधिर झालं, मग खांदा, मग मान. लोबो सिस्टरनं माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि हळूच म्हणाली, “धरा दादा, धरा.” त्या बाईच्या हसण्याला मी भ्यालो होतो!

साडेअकराला हुपरीकर म्हणाले, “सावकाश काढा.” मला हात उचलताच येईना, बोटं वळून बसली होती. त्यांनी एकेक बोट सोडवलं. पट्ट्या लाल होत्या, पण नवं रक्त येत नव्हतं. त्यांनी घड्याळ लावून दहा मिनिटं वाट बघितली, पुन्हा बघितलं आणि टाके घालायला घेतले.

बाहेर जाताना मी त्यांच्याजवळ थांबलो. ते टाक्यांवरून नजर न उचलता म्हणाले, “खरमाटे, सकाळी मी विचारलं होतं तुम्हाला.” त्यापुढे या विषयावर ते एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हाही नाही आणि रिटायर होईपर्यंतही नाही.

बारा दिवसांनी वृषालीला घेऊन आम्ही पुण्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आधी सोनोग्राफी केली. तिला पलंगाच्या कडेवरून डोकं खाली लोंबवायला सांगितलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत गाल फुगला. पडद्यावर लाल-निळे रंग संथ हलत होते. मग एमआरआयसाठी तिला त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये घातलं. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो.

या बारा दिवसांत शालन माझ्याशी बोलत होती. जेवायला वाढलंय, बस किती वाजता आहे, पाण्याची बाटली घ्या. तेवढंच. आता तिनं समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं, “ते धुळीचं नाही, हे तुम्हाला कधी कळलं? आत नेल्यानंतर का आधी?”

नंतर, असं म्हणता आलं असतं मला. तिला ते कुठूनही कळलं नसतं.

“आधी,” मी म्हणालो.

“किती आधी?”

“आठला.”

आतून मशीनचा ठोके दिल्यासारखा आवाज येत होता.

“आठला,” ती म्हणाली. “म्हणजे मी तिची रिबीन सोडत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं. माझ्या शेजारी उभे होतात तुम्ही. पोरीनं तुम्हाला स्वप्नांचं विचारलं.”

“शालन…”

“नका बोलू.”

तेवढ्यात दार उघडलं आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. त्यांनी चित्रं समजावून सांगितली. चावायच्या स्नायूत पांढरं झालेलं रक्तवाहिन्यांचं जाळं, आणि त्यात काळे ठिपके. एमआरआयमध्ये खडे काळे दिसतात. “कॅन्सर नाही,” त्या म्हणाल्या. “रक्तवाहिन्यांची गाठ आहे. सुरी लावायची नाही. इंजेक्शनं देऊन आटवू.” शालन टेबलाची कड धरून ढसाढसा रडली. मी ठिपके मोजले. सातच होते.

चार वेळा इंजेक्शनं झाली आणि गाठ आटली. वृषाली आता सदतीस वर्षांची आहे, साताऱ्याच्या शाळेत गणित शिकवते, तिला दोन मुलं आहेत. गालावर बोटभर व्रण आहे आणि हसताना डावा कोपरा जरा मागे राहतो. लोबो सिस्टरनं तिला पुढे केव्हातरी थिएटरमधली हकिकत सांगितली होती, पण अर्धीच. त्यामुळे घरी कुणी पाहुणा आला आणि व्रणाचा विषय निघाला की ती माझ्या खांद्यावर हात ठेवते. “ह्या माणसामुळे मी जिवंत आहे,” म्हणते. “दोन तास माझा गाल धरून उभे होते बाबा, हात हलू दिला नाही.”

शालननं तिला आजवर काही सांगितलेलं नाही. मीही नाही. पण वृषाली हे बोलायला लागली की शालन उठते आणि पाहुण्यांना चहा टाकते म्हणून आत जाते, अगदी नुकताच चहा झालेला असला तरीसुद्धा.